जो उपटेल त्याची पऱ्हाटी

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायचे. मजुरीच्या दरावर, हुंड्यावर, रेशनच्या मापावर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर. वाटून उरलेला गठ्ठा घरी यायचा आणि त्याच्या मागच्या बाजूवर माझी बाराखडी चालायची. कागद पातळ असायचा. मी पलीकडे 'क' काढत असताना अलीकडून आप्पांची ठळक ओळ उलटी दिसायची: 'रोजाने जाणाऱ्या बायांनो, मुकाट राहू नका!' ती ओळ उलटी वाचायला मी सुलट वाचायच्या आधी शिकले.

काका घरची शेती बघायचे. त्यांचं आणि आप्पांचं भांडण कधी झालं नाही, पण काकांची जीभ तिखट. "ह्या घरमा भाकर उशिरा भेटस, पन पत्रक वखतवर निंघस," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. आप्पा हसायचे. आप्पांची एक गंमत होती. रागावले की अहिराणी बोलायचे आणि तत्त्वाचं बोलू लागले की त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी यायची. त्यामुळे कुठला विषय चाललाय हे स्वयंपाकघरातूनही कळायचं.

मी त्यांचीच मुलगी. कॉलेजात असताना मीही पत्रकं लिहिली. वसतिगृहाच्या पाण्यावर, मुलींच्या बसवर. अजूनही माझ्या वाक्यांना उद्गारचिन्हाची खोड आहे. लिहून झालं की ती खोडत बसते.

एम.एस्सी. झाल्यावर नंदुरबारला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला प्रकल्पाचं काम मिळालं. शेतात उरलेल्या काडीकचऱ्यापासून बॅटरीसाठी कार्बन तयार करायचा, असा तो प्रकल्प. आमच्या भागात कापूस, म्हणून सरांनी पऱ्हाटी निवडली. वेचणी संपल्यावर वावरात उभी राहते ती वाळलेली कापसाची झाडं, म्हणजे पऱ्हाटी. मी तिचे तुकडे करायचे, धुवायचे, वाळवायचे, मिक्सरसारख्या यंत्रात दळायचे. मग ती पूड आम्लात बुडवून तिच्यातली माती आणि क्षार काढायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. शेवटी पांढऱ्या होडीच्या आकाराच्या भांड्यात भरून नळीच्या भट्टीत ठेवायची. भट्टीत हवा नसते, नायट्रोजन सोडलेला असतो. हवा असती तर पऱ्हाटी पेटून राख झाली असती. हवा नाही म्हणून ती पेटत नाही, फक्त तापत राहते, आणि कार्बन सोडून तिच्यातलं सगळं निघून जातं. मिठातलं सोडियम वापरून चालणाऱ्या बॅटरीत या कार्बनचा उपयोग होतो. बॅटरी चार्ज होताना सोडियम त्याच्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतं आणि वापरताना बाहेर येतं. पुढचं काम, पूड धातूच्या पत्र्यावर लेपून बटणाएवढी बॅटरी करायचं, आमच्याकडे होत नसे. त्यासाठी कुपी भरून मोठ्या विद्यापीठात पाठवावी लागे.

अशीच एक कुपी मी घरी नेली. आप्पांनी ती दिव्यासमोर धरली. काळी पूड काचेला चिकटून खाली सरकत होती.

"ह्याच्यात वीज राहणार?"

मी त्यांना सोडियमचं सांगितलं. काका खाटेवर बसून ऐकत होते.

"म्हंजे कोयसाच ना?"

"कोळसाच काका, पण शिकलेला."

"वाह! पोरले येवढं शिकाडं ते कोयसा पाडाले."

आई हसली, मी हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे पाणावले होते. चष्मा काढून पुसत ते पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपल्या वावरातून वीज निघेल, आणि ती माझी लेक काढेल." त्या वेळी मला फार बरं वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातूनच निघालं.

आठवडाभरात पत्रक तयार झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे साठलेलं सगळं त्यात उतरलं. 'कचरा नव्हे, उद्याची वीज!' असा मथळा. खाली: 'शेतकरी बंधूंनो, वेचणी झाली की पऱ्हाटी हातची घालवू नका. जाळू नका. राखून ठेवा. आज जिला आपण सरपण समजतो तिच्यावर उद्या गाड्या धावतील!' छापण्याआधी त्यांनी मला वाचायला दिलं. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि 'गाड्या' च्या आधी 'कदाचित' घाला म्हणाले. "पत्रकात कदाचित नसतं," आप्पा म्हणाले. ते मलाही माहीत होतं. सरपण समजणारे 'आपण' कोण, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणी विचारलं नाही. आमच्या घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली होती की चूल आठवायला आईला विचारावं लागलं असतं.

पत्रक पारावर गेलं, दूध डेअरीत गेलं, बाजाराच्या दिवशी शहाद्याच्या बसमध्ये गेलं. लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं. मास्तरांचं पत्रक लोक वाचायचे, कारण मास्तर खोटं लिहीत नाहीत असं गावात समजत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. शेवटची वेचणी झाली की शेतकऱ्याला वावर मोकळं हवं असतं आणि मजुराच्या घराला पावसाळ्याचं जळण. म्हणून जो पऱ्हाटी उपटेल, पऱ्हाटी त्याची. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. शेतकऱ्याने त्या घरी जायचं, दारात उभं राहून 'वावर मोकयं करनं शे' म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरच्या बाया चिमटे घेऊन येतात. लांब दांड्याचा, खाली लोखंडी जबडा असलेला चिमटा. बुडखा त्यात धरायचा आणि दांड्यावर अंग टाकायचं. उपटलेलं बांधून डोक्यावरून घरी. आमची वावरं मला आठवतं तेव्हापासून एक मावशी मोकळी करत आली. गावाच्या नदीकडच्या टोकाला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती आहे, तिथे तिचं घर. फेब्रुवारी संपताना तिच्या घराच्या मागे पऱ्हाटीची रास चढू लागे. उन्हाळ्यात ती छपराच्या वर जायची. मग तिच्यावर प्लास्टिकचा कागद, कागदावर दगड, आणि पूर्ण पावसाळा ती रास खालून खालून कमी होत जायची. तिच्या घरात चार चुली मांडलेल्या नव्हत्या, एकच होती. पण खाणारी तोंडं बरीच, आणि पाणीही तिच्यावरच तापायचं. सिलिंडर होतं. ते दर वेळी भरून आणणं जमायचं नाही, म्हणून त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालून कोपऱ्यात ठेवलेलं.

या वर्षी मी नमुन्यासाठी पऱ्हाटी न्यायला रविवारी विहिरीकडच्या वावरात गेले. हातात रिकामं पोतं. काका बांधावर उभे होते. या वर्षी काका मावशीच्या दारात गेले नव्हते, तरी ती आली होती. दोन सुनांना घेऊन, चिमटे खांद्यावर टाकून. तिला वाटलं असेल काका विसरले.

"औंदा रोज ले," काका तिला सांगत होते. "दुसरा कामले लाव हात. पऱ्हाटी राहू दे."

"रोज लिसन काय चुल्हामा घालू?"

"पऱ्हाटी राखनी शे. बॅटरी बननार शे तिनी."

मावशीला वाटलं काका थट्टा करताहेत. ती तोंडाला पदर लावून हसली. "आते भाकरी बॅटरीवर भाजसूत का आम्हीन?" सुनाही हसल्या. काकांनी खिशातून घडी काढली. "हाई दख. मास्तरनी लिखेल शे."

धाकट्या सुनेला वाचता येत होतं. तिने उभ्याउभ्या वाचलं, मनात, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिने कागद सासूला दिला नाही, परत काकांना दिला. मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातातल्या पोत्याकडे.

"तू बी पऱ्हाटीले उनी का, माय?" मावशीने विचारलं.

मी 'हो' म्हणाले. एवढंच. 'थोडीच लागते' असं सांगायला हवं होतं. 'काका, हे काय चालवलंय' असं म्हणायला हवं होतं. बाराखडीच्या मागून उलटी दिसणारी ती ओळ मला तोंडपाठ आहे, आणि त्या बांधावर मी मुकाट राहिले. बाया वळल्या. मावशीने जाताना चिमटा खांद्यावर न टाकता हातात धरला होता, त्याचं टोक ढेकळांवर आपटत गेलं. मी पोतं भरलं. भरताना काट्यासारखी एक काडी नखात गेली, तर तेवढ्याने मला हलकं वाटलं, जणू काही फेडलं. याची मला वेगळी लाज आहे.

काकांनी ट्रॅक्टर घालून पऱ्हाटी काढली आणि परगावच्या माणसांकडून विहिरीजवळ रचून घेतली. त्यांचं बघून आणखी दोघातिघांनी तेच केलं. काकांचा माझ्यावर पूर्ण विश्वास. "तुन्हा सरले सांग, कव्हय धाडू गाडी?" असं ते दर शनिवारी मी घरी आले की विचारू लागले.

मी सरांना विचारलं. सर चांगले आहेत, कामात बुडालेले. ते मोठ्याने हसले. "गाडी? अगं, तू आणलेल्या पोत्यात आपला अख्खा प्रकल्प निघेल. भट्टीची होडी पाहिलीस ना केवढी आहे?"

पाहिली होती. रोज भरत होते. मुठीत मावेल एवढी. मग घरी मी सांगितलं का नव्हतं? कारण आप्पांचे डोळे पाणावले होते. त्या डोळ्यांना मूठभर माप दाखवायला मला जड गेलं.

त्यानंतर गावात कृषी खात्याचा माणूस आला आणि रास बघून काकांवर ओरडला. वाळलेल्या पऱ्हाटीत, अडकलेल्या बोंडांत गुलाबी अळी दबून राहते, पुढच्या कापसावर तीच उठते, वावरात रचून ठेवायची नाही, तिची वासलात लावा. काका घरी आले ते जोडे न काढता आत. "गाडी येनार शे का नही?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. पोत्याचं, होडीचं, सगळं. काकांनी आता कुठे जोडे काढले. मग आप्पांकडे वळून म्हणाले, "त्या बाईले मी वावरमातीन माघारी धाडं. तुन्हा कागद दखाडीसन."

आप्पांना हे माहीतच नव्हतं. तोवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. रागावून अहिराणीत बोलतील असं वाटलं, किंवा तत्त्वाचं पुस्तकी. ते कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, आणि मी त्यांच्या मागे निघाले.

मावशी दारात बसून वेडी बाभूळ तोडत होती. नदीकाठची ही काटेरी झाडं कोणाच्या मालकीची नसतात. अंगणात त्यांचा लहानसा ढीग होता आणि तिचे हात मनगटापर्यंत ओरखडलेले. घराच्या मागे, जिथे रास असते, तिथे मोकळी जमीन होती. गेल्या वर्षीचे कागदावरचे दगड तेवढे ओळीने ठेवलेले.

"बठा मास्तर," ती म्हणाली. सुनेने खाट टाकली. आप्पा बसले नाहीत.

"विहिरीजवळची रास घेऊन जा, बाई. सगळी. आमची चूक झाली."

"मी उपाडी नही, ती मी कशी लेऊ?"

"घ्या की. ती तशीही जाळायला निघाली आहे."

"जायाले निंघनी म्हनून मी लेऊ?" तिचा आवाज चढला नव्हता. कोयता चालू होता. "उद्या तुम्हना भाऊ म्हनी, बाईनी फुकट लई. मी काय मांगनारी शे का? येवढा साल लेयेल शे ती उपाडीसन लेयेल शे."

आप्पा म्हणाले, "मी नवीन पत्रक काढतो. रीत लिहून टाकतो. जो उपटेल त्याची पऱ्हाटी. सगळ्या गावात वाटतो. मग कोणी नाही म्हणणार नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज भरात आला. मी तो आवाज ओळखते. मथळा सुचला की तो येतो.

मावशीने कोयता खाली ठेवला. "नका लिखू, मास्तर."

"का?"

"आजलोंग कोठे लिखेल व्हतं? तरी चालत व्हतं ना? तुम्हीन लिखं आन् बंद पडनं."

धाकटी सून दारात उभी होती, तिने मान खाली घातली. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. तिथे त्यांच्याशेजारी उभं राहणं मला सोसेना. ही माझ्या भट्टीची, माझ्या कुपीची गोष्ट. आणि बोलणी माझे वडील खात होते.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हना भाऊले सांगा. दर साल येतस तसं येवाले सांगा. दारवर."

काकांचं एक वावर अजून उभं होतं, नदीकडचं. त्यात उशिराचा कापूस होता म्हणून ट्रॅक्टर तिथे पोचला नव्हता. पण काका जायला तयार होईनात. "मी ट्रॅक्टर घालसू. मी कोन्हा दारवर माफी मांगाले जावाव नही." आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "माफी कोनी मांगी? दर साल जातस ना, तव्हय काय माफी मांगतस का?" काका उठून ओट्यावर गेले. दोन दिवस ट्रॅक्टर जागचा हलला नाही. मी म्हणाले, मी जाते. आप्पा म्हणाले, "तुला बोलावलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. मला मागे येऊ नको म्हणाले नाहीत म्हणून मी थोड्या अंतरावरून गेले. भिलाटीत सगळ्या दारांत माणसं होती आणि काकांना कोणाकडे बघावं कळत नव्हतं. मावशीच्या दारात ते थांबले, घसा साफ केला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "नदीकडनं वावर मोकयं करनं शे."

मावशी आतून बाहेर आली. जरा वेळ तिने काकांना उभं ठेवलं. मग म्हणाली, "चिमटा कोपरामा पडी पडी गंजी ग्यात. तेल लावनं पडी." आणि वळून सुनेला, "पानी दे वं दादाले."

काका उभ्यानेच पाणी प्याले. पेला त्यांनी सुनेच्या हातात परत दिला.

नदीकडचं वावर लहान आहे. मावशीने आणि सुनांनी ते मोकळं केलं, भारे नेले, रास रचली. विहिरीजवळची मोठी रास शेवटी काकांनी यंत्र आणून भुगा करून वावरात मिसळली. ती कोणाच्या चुलीत गेली नाही, बॅटरीतही नाही.

मावशीची रास कंबरेएवढी झाली. नंदुरबारला जाणारी बस नदीच्या वळणावर हळू होते तेव्हा ती खिडकीतून दिसते. छपराच्या वर काही नाही. प्लास्टिकचा कागद मोठा पडतो म्हणून दुमडून घातलेला. अजून ज्येष्ठ सरायचा आहे. मी दर वेळी त्या बाजूला बसायचं नाही असं ठरवते आणि बसते.

विद्यापीठातून निकाल आला; पूड चांगली निघाली, आणखी पाठवा म्हणाले. अहवालात मी 'कचरा' च्या जागी 'पऱ्हाटी' लिहिलं तर सरांनी ते बदललं. म्हणाले, या विषयात तोच शब्द चालतो, दुसरा लिहिलास तर शोधणाऱ्याला आपलं काम सापडणार नाही. त्यांचं बरोबर असावं. मी भांडले, उद्गारचिन्हांसकट भांडले, आणि हरले.

आणखी पूड म्हणजे आणखी पऱ्हाटी. जुनं पोतं सरत आलं होतं. मी काकांकडे मागितली नाही. त्यांच्याकडे आता नव्हतीही. बाजाराच्या दिवशी भिलाटीवरून बसकडे जाताना मावशीनेच हाक मारली.

"काय वं, तुन्ही भट्टी बंद पडनी का?"

"नाही मावशी. चालू आहे."

"किती लागस तुले?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. तिने माझे हात पाहिले, मग माझ्याकडे. "बस? येवढीसाठे येवढं रामायन?" आणि ती हसली. पदर न लावता. मी हसू शकले नाही.

"नको मावशी," मी म्हणाले. "तुम्हालाच पुरायची नाही."

"मी उपाडेल शे. मन्ही शे. माले देनी शे." तिने राशीतून एक पेंडी ओढली. वरून नाही, कागद उचलून मधून, जिथली कोरडी असते तिथून. रास तेवढी खचली. पेंडी माझ्या हातात दिली आणि कागदावर दगड पुन्हा ठेवायला लागली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तू जाय, बस चुकी."

बस उभी होती. कंडक्टरने पेंडी टपावर टाकायला सांगितली. मी दिली नाही. ती मांडीवर घेऊन बसले, आणि नदीच्या वळणावर बस हळू झाली तेव्हा त्या राशीकडे पाहिलं नाही.